वाचकांचे प्रश्न : कथा-काव्य लेखन स्पर्धा कशी घ्यावी?

वार्षिक कथा व काव्यलेखन स्पर्धांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. अशा एका स्पर्धेचे काम मी अनेक वर्षे केले आहे, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यातील बरेचसे आमच्या स्वतःच्या चुकांतून शिकलेले आहे.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाने दरवर्षी कथा व कविता लेखन स्पर्धा घेण्याचे ठरवले आहे. जूनमध्ये आवाहन, १५ ऑगस्ट ही अंतिम मुदत आणि दसऱ्याला निकाल असा बेत आहे. हाताशी तीस हजार रुपये आहेत. वेळापत्रक आणि खर्च यांबाबत काही सुचवाल का? – वाचनालयाचे एक पदाधिकारी, शिवाजी पेठ

उत्तर : १५ ऑगस्टची मुदत कृपया बदलावी. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि या दोन आकड्यांकडे सारे शहर डोळे लावून बसते ते नेमके जुलै-ऑगस्टमध्ये. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी महापुराने रस्ते बंद झाले, गावे तुटली, आणि शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या लोकांना घरातले सामान वर हलवण्यापलीकडे दुसरे काही सुचत नव्हते. अशा दिवसांत कथा पूर्ण करून ती वेळेवर पाठवण्याची अपेक्षा आपण लेखकाकडून करू नये. दुसरे कारण दिवाळी अंकांचे आहे. पावसाळ्यात संपादकांकडून मागणी सुरू असते, आणि लिहिणारा माणूस आपली त्या वर्षीची चांगली कथा साहजिकच तिकडे पाठवतो. म्हणून दिवाळी झाल्यावर आवाहन करावे, १५ डिसेंबर ही मुदत ठेवावी आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, निकाल द्यावा. त्या दिवशी शहरात कार्यक्रमांची गर्दी असते, त्यामुळे सभागृह मात्र आधीच नोंदवून ठेवावे.

मधले दहा आठवडे पुष्कळ वाटतात, पण ते पुरत नाहीत. कथेला अडीच हजार शब्दांची मर्यादा घातली आणि दोनशे कथा आल्या, तर ते पाच लाख शब्द होतात. मिनिटाला दोनशे शब्द या वेगाने, मध्ये न थांबता, त्या एकदा वाचायला बेचाळीस तास लागतात. म्हणजे रोज दोन तास बसणाऱ्या परीक्षकाचे तीन आठवडे, आणि तेही केवळ पहिल्या वाचनासाठी. शब्दमर्यादा आणि एका व्यक्तीने किती कविता पाठवाव्यात याचा नियम या हिशेबावरून ठरवावा. जितके शेवटपर्यंत वाचण्याची आपली शक्ती आहे, तितकेच मागवावे. आलेले प्रत्येक पान वाचले जाईल एवढा एकच शब्द आपण लेखकाला दिलेला असतो, आणि तो पाळता येत नसेल तर स्पर्धा एक वर्ष पुढे ढकललेली बरी.

तीस हजारांत कथेसाठी ५,०००, ३,००० व २,००० आणि कवितेसाठी ३,०००, २,००० व १,००० अशी पारितोषिके ठेवली, तर १६,००० होतात. परीक्षकांच्या मानधनासाठी ६,०००, छपाई, झेरॉक्स व टपाल यांसाठी ५,००० आणि समारंभासाठी उरलेले ३,००० धरावेत. आपल्याकडे शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्हे आणि चौकातले डिजिटल फलक यांवर आधी खर्च होतो आणि परीक्षकाला मात्र ‘साहित्यसेवा’ म्हणून फुकट राबवले जाते. तीन आठवडे डोळे फोडून वाचणाऱ्या माणसाला मानधन दिलेच पाहिजे, कारण त्यानंतरच त्याच्याकडे वेळेचा आणि नीट वाचनाचा आग्रह धरता येतो.

प्रश्न : आमच्या काव्यस्पर्धेत दोन परीक्षकांनी शंभरपैकी गुण दिले आणि आम्ही त्यांची बेरीज करून क्रमांक काढले. निकालावर बरीच नाराजी झाली. बेरीज अचूक असताना चूक कोठे झाली? – संयोजन समितीतील एक सदस्य, इचलकरंजी

उत्तर : चूक बेरजेत नाही, बेरीज करण्यातच आहे. प्रत्येक परीक्षकाचा हात वेगळा असतो. एकाच्या मते पन्नास म्हणजे उत्तम, तर दुसरा सत्तरच्या खाली सहसा उतरत नाही. समजा, पहिल्या परीक्षकाने ‘क’ या कवितेला ५२, ‘ख’ला ५० आणि ‘ग’ला ४८ गुण दिले, दुसऱ्याने ‘क’ला ७०, ‘ख’ला ६० आणि ‘ग’ला ९० दिले. बेरीज अनुक्रमे १२२, ११० आणि १३८ येते आणि ‘ग’ पहिली ठरते. प्रत्यक्षात पहिल्या परीक्षकाच्या दृष्टीने ती तिघींत शेवटची होती; पण त्याने गुण चार अंकांच्या पट्टीत दिले आणि दुसऱ्याने तीस अंकांच्या, म्हणून एकट्या दुसऱ्याचेच मत निकाल ठरवून गेले. त्याऐवजी दोघांकडून केवळ क्रम मागितला असता, तर ‘क’चे १ आणि २ मिळून तीन, ‘ग’चे ३ आणि १ मिळून चार आणि ‘ख’चे २ आणि ३ मिळून पाच झाले असते, आणि ‘क’ पहिली आली असती.

क्रम लावण्याची पद्धतही निर्दोष नाही; दोनशे कवितांचा क्रम कोणालाच लावता येत नाही. म्हणून आम्ही दोन फेऱ्या घेतो. पहिल्या फेरीत प्रत्येक कविता दोघांनी वाचायची आणि केवळ ‘ठेवावी’ किंवा ‘न ठेवावी’ एवढेच नोंदवायचे. दोघांनीही नाकारली तरच ती बाजूला होते. एकाला जरी ठेवावीशी वाटली तरी ती पुढे जाते, कारण वेगळ्या वळणाची कविता अनेकदा एकालाच भावते. दोघांना गठ्ठा एकाच क्रमाने देऊ नये. सुरुवातीच्या पंधरा-वीस कवितांना परीक्षक कडक असतो आणि शेवटी तो थकलेला असतो, म्हणून एकाने वरून वाचले तर दुसऱ्याने खालून वाचावे. दुसऱ्या फेरीत उरलेल्या दहा-बारा कविता घेऊन तीन परीक्षकांनी समोरासमोर बसावे आणि प्रत्येक कविता मोठ्याने वाचावी. कागदावर दिमाखदार दिसणारी ओळ उच्चारताना अडखळते, आणि साधी वाटलेली ओळ सगळ्यांना गप्प करते, असे मी अनेकदा पाहिले आहे. त्या बैठकीत मतभेद झाले तर ते शब्दांत मांडले जातात, आणि ‘मला ७२ वाटले’ यापेक्षा ‘तिसऱ्या कडव्यानंतर कविता पुन्हा तेच सांगते’ हे म्हणणे केव्हाही तपासून पाहता येते.

परीक्षकांपैकी एकाला तरी वृत्त आणि मात्रा यांची जाण हवी. गझला आल्या, तर मतला (गझलेचा पहिला शेर), काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर पुन्हा येणारे शब्द) पाळले आहेत की नाही हे पाहता न येणाऱ्याने त्यांना क्रमांक देऊ नये.

प्रश्न : माझे विद्यार्थी बोलीत लिहितात. स्पर्धांमध्ये ‘अशुद्ध’ म्हणून त्यांचे लेखन बाद होते. शिवाय काहींकडे संगणक नाही. त्यांनी काय करावे? – एक शिक्षिका, चंदगड तालुका

उत्तर : त्यांनी लिहीत राहावे, बदलायचे आहे ते संयोजकांना. एका वर्षी आमच्याकडे आलेल्या कथेत एक कॉलेजकन्यका आईला म्हणते, ‘मी जातो गं, उशीर झाला.’ जिल्ह्याबाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘जातो’खाली दोन तांबड्या रेघा ओढून समासात ‘लिंगदोष’ असे लिहिले. कोल्हापूरच्या मुली ‘मी येतो, मी जातो’ असेच बोलतात, हे येथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ती चूक नव्हती, उलट लेखकाचा कान किती नेमका आहे याची ती साक्ष होती. तेव्हापासून परीक्षकांना पाठवायच्या पत्रात आम्ही स्पष्ट लिहितो, की पात्रांच्या तोंडच्या आणि निवेदनातल्या बोलीला प्रमाणभाषेचे नियम लावू नयेत, आणि एक परीक्षक याच भागातला घेतो. चंदगडकडील बोलीत कोकणीची आणि गडहिंग्लजच्या बाजूला कानडीची छटा येते. ती वाचता येणारा माणूस मंडळात नसेल, तर कथा न वाचताच हरते.

हाताने लिहिलेल्या प्रतींविषयी माझे मत ठाम आहे : त्या स्वीकारल्याच पाहिजेत. दूध संस्थेच्या जुन्या नोंदवहीच्या पानांवर लिहिलेली एक कथा मला आठवते. पानावर तारीख, लिटर, फॅट आणि रक्कम असे छापील रकाने होते आणि त्या उभ्या रेघांवरून निळ्या शाईतली ओळ न थांबता पलीकडे गेली होती. ‘कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून’ या आमच्या नियमात ती बसत नव्हती आणि छाननीत बाजूला पडली होती. गठ्ठा बांधताना केवळ कुतूहलाने मी पहिले पान वाचले आणि उभ्याउभ्याच शेवटापर्यंत गेलो. ती कथा दुसऱ्या फेरीत पोहोचली, आणि तो नियम आम्ही पुढच्या वर्षी काढून टाकला.

हस्ताक्षरावरून लेखक ओळखू येतो ही शंका रास्त आहे. आपल्या गावात तर लिहिणारे आणि वाचणारे एकमेकांना घरच्यासारखे ओळखतात. त्यासाठी अंतिम फेरीतील हस्तलिखिते टंकलिखित करून घ्यावीत आणि नाव-पत्ता वेगळ्या कागदावर मागवून दोन्हींवर एकच क्रमांक घालावा. हे काम परीक्षकांशी संबंध नसलेल्या एकाच व्यक्तीकडे ठेवावे. ई-मेलने आलेल्या फाइलचे नाव बदलावे, कारण लोक आपले नाव तेथेच लिहितात. मजकूर युनिकोडमध्ये मागवावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधील फाइल तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडते.

प्रश्न : ‘पाठवलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असा नियम अनेक ठिकाणी असतो. कविता पाठवल्याने ती माझी राहत नाही का? – एक कवयित्री, कोल्हापूर

उत्तर : कविता आपलीच राहते. कॉपीराइट कायदा, १९५७ यानुसार साहित्यकृतीचा पहिला हक्कदार सामान्यतः तिचा लेखक असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि लेखकाच्या सहीने द्यावे लागतात. केवळ पत्रकात छापलेल्या ओळीने हे होत नाही. मात्र प्रवेशपत्रावर तीच ओळ असेल आणि खाली आपण सही केली असेल, तर गोष्ट वेगळी होऊ शकते, म्हणून सही करण्यापूर्वी वाचावे. हक्क देण्याच्या अशा लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. हक्क दिल्यानंतरही लेखक म्हणून आपले नाव असण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला बाध आल्यास दाद मागण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे लेखकाकडेच राहतो.

संयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे, की हा नियम त्यांनी काढून टाकावा. पारितोषिकप्राप्त साहित्य आपल्या अंकात एकदा छापण्याची परवानगी एवढेच त्यांना हवे असते, तर तेवढेच मागावे. न निवडलेल्या दीडशे कथांचे हक्क घेऊन कोणतीही संस्था काय करणार आहे? स्पर्धक अठरा वर्षांखालील असेल, तर या परवानगीवर पालकांची सही घ्यावी.

प्रश्न : प्रवेशशुल्क घ्यावे का? – एक वाचक, कागल

उत्तर : शक्यतो घेऊ नये. घेतलेच तर विद्यार्थ्यांना माफ असावे, आणि जमा रक्कम व खर्च निकालासोबत जाहीर करावा. पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर न घेता संस्थेच्या खात्यावरच घ्यावेत.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या कथा कशा ओळखाव्यात? – एक परीक्षक, कोल्हापूर

उत्तर : अशा कथा पकडून देणाऱ्या संगणकीय साधनांवर विसंबू नये, ती प्रामाणिक लेखनालाही दोषी ठरवतात, आणि मराठीबाबत तर त्यांच्यावर मुळीच भरवसा ठेवता येत नाही. नियमावलीत ‘लेखन स्वतःचे असावे’ हे स्पष्ट लिहावे आणि अंतिम फेरीत आलेल्या प्रत्येकाकडून, संशय असो वा नसो, कच्चा खर्डा मागवून घ्यावा. सर्वांकडून मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही. नंतर दहा मिनिटे फोनवर कथेविषयी बोलावे : हे पात्र कोठून आले, शेवट आधी काय होता. ज्याने कथा लिहिली आहे त्याला थांबवणे कठीण जाते. उसन्या मजकुराचीही हीच कसोटी लागते.

प्रश्न : पारितोषिक न मिळालेल्यांना काही कळवावे का? – वाचनालयाच्या ग्रंथपाल, गडहिंग्लज

उत्तर : अवश्य कळवावे. तरुणपणी मी एका स्पर्धेला कथा पाठवली होती. निकाल वर्तमानपत्रात आला आणि माझी कथा तेथे पोहोचली होती की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. म्हणून आम्ही प्रत्येक स्पर्धकाला चार ओळींचे पत्र पाठवतो. साहित्य कोणत्या क्रमांकाने नोंदले गेले, किती जणांनी वाचले, कोणत्या फेरीपर्यंत गेले, आणि परीक्षकांपैकी एकाने त्याविषयी लिहिलेले एक वाक्य. हे वाक्य मागाहून लिहायला कोणी बसत नाही, त्यामुळे ते पहिल्या वाचनाच्या वेळीच नोंदतक्त्यावर लिहून घ्यावे. ‘छान’ किंवा ‘प्रयत्न चांगला’ असे न लिहिता ‘आजीच्या स्वयंपाकघरातला प्रसंग लक्षात राहिला, पत्र सापडण्याचा योगायोग पटला नाही’ इतके नेमके असावे. निकालानंतर तीन आठवड्यांत पत्रे रवाना व्हावीत. टपालाचा खर्च पहिल्या उत्तरातील ५,००० रुपयांत धरलेला आहे, आणि ई-मेल असलेल्यांना ई-मेल केली तर तो आणखी कमी होतो.