वापरलेली टर्बो परफॉर्मन्स हॅचबॅक घेताना काय काय तपासावं? किलोमीटर कमी असले की पुरे का?

नाही, पुरे नाही. साध्या हॅचबॅकमध्ये किलोमीटरचा आकडा बरंच काही सांगतो. गोल्फ जीटीआय, सिव्हिक टाइप आर, मिनी कूपर एस, फोकस आरएस यांसारख्या गाड्यांत तो फार थोडं सांगतो. ४०,००० किमीच चाललेली, पण इंजिन थंड असताना पिळलेली, रिमॅप केलेली (म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली) आणि विकण्याआधी घाईघाईने मूळ रूपात आणलेली गाडी मी कधीच सुचवणार नाही. त्यापेक्षा १,००,००० किमी झालेली, वेळेवर ऑइल बदललेली, बदल न केलेली गाडी घ्या. तुम्हाला दोनच गोष्टी शोधून काढायच्या आहेत: गाडी कशी चालवली गेली, आणि तिच्यावर काय चढवून नंतर काय उतरवलं गेलं.

गाडी थंड असतानाच बघा. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर सर्वांत आधी बोनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. तो गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या, कारण या इंजिनांचे बरेच दोष फक्त पहिल्या काही सेकंदांत ऐकू येतात. सुरू करताना दोन-तीन सेकंदांहून जास्त खडखड झाली तर संशय टायमिंग चेनच्या टेन्शनरवर, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणारी चेन ताणून धरणाऱ्या भागावर, घ्या. रात्रभरात त्यातला ऑइलचा दाब गेलेला असतो आणि चेन सैल पडते. फोक्सवॅगनच्या सुरुवातीच्या ईए८८८ इंजिनांत आणि मिनी कूपर एसच्या एन१४ इंजिनात हा दोष सर्वपरिचित आहे. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. पाचव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयच्या जुन्या इंजिनात चिंता वेगळी असते. तिथे हाय-प्रेशर फ्युएल पंप आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्यामध्ये फॉलोअर नावाचा एक छोटा भाग असतो. तो झिजून आरपार गेला की कॅमच खराब होतो. पंप काढून फॉलोअर कधी तपासला किंवा बदलला, याची नोंद मागा.

इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर (एक्सलरेटर न देता) ठेवा आणि मग एक्सलरेटर द्या. त्या क्षणी निळा धूर आला तर टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्हची सील गेलेली असतात. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येणं ठीक आहे. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलंय असं धरून चाला. तिसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या फोकस आरएसमध्ये हेड गॅस्केटचाच दोष होता आणि फोर्डने दुरुस्तीची मोहीम काढली होती. ते काम झाल्याचा कागद नसेल तर ती गाडी घेऊ नका.

डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा उग्र वास म्हणजे छोट्या फेऱ्या खूप, ऑइल बदल कमी. बिलांमध्ये ऑइल बदलल्याच्या तारखा आणि ऑइलचा दर्जा दोन्ही बघा. पुस्तकात ३०,००० किमीपर्यंतची मुदत दिलेली असली तरी जोरात चालवलेल्या टर्बो इंजिनात दर १०,००० किमीला ऑइल बदलणारा मालक मला विश्वासाचा वाटतो. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण तो धुऊन काढणारं पेट्रोल तिथे पोहोचतच नाही. थंड असताना आयडल डगमगणं, मिसफायर होणं ही त्याची खूण. तो साफ करता येतो, त्यामुळे भाव कमी करून घ्या, पण तेवढ्यासाठी गाडी सोडू नका.

टेस्ट ड्राइव्हला पहिली काही मिनिटं विक्रेत्यालाच चालवू द्या आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. थंड इंजिनावर तो ५,००० पर्यंत खेचत असेल तर गाडी रोज तशीच चालली आहे. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही. त्याला आणखी वेळ लागतो, आणि टर्बोच्या बेअरिंगला ऑइल महत्त्वाचं.

गाडी नीट तापल्यावर चौथ्या गिअरमध्ये २,००० ते २,५०० आरपीएमवरून एक्सलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर पळाले पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतोय. रिमॅप केलेल्या गाडीत हे हमखास सापडतं, कारण वाढलेला टॉर्क मूळ क्लचला पेलत नाही. याच वेळी कान द्या: जोरात फुसफुस म्हणजे पाइप कुठेतरी सुटलाय, सायरनसारखा चढता आवाज म्हणजे टर्बोचं बेअरिंग. दुसरा आणि तिसरा गिअर भरभर टाकून बघा. खरखर झाली तर सिंक्रो (गिअर अलगद बसवणाऱ्या रिंगा) झिजलेत. ड्युअल क्लच गिअरबॉक्स असेल तर अगदी हळू, ट्रॅफिकसारखी चालवा आणि थोडी चढणीवर रिव्हर्स घ्या. धक्के आणि थरथर तिथेच कळते. वेट क्लचच्या (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या) सहा गिअरच्या डीएसजीला, म्हणजे फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सला, दर ६०,००० किमीला ऑइल आणि फिल्टर बदलावा लागतो. त्याचं बिल नसेल तर तो खर्च तुमचा. स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना हळू गोल फिरवा. टकटक आवाज म्हणजे ड्राइव्हशाफ्टचे सांधे.

टायरवरून मालक ओळखता येतो. चारही एकाच कंपनीचे आणि चांगल्या दर्जाचे असतील तर खर्चाला तो मागे हटलेला नाही. बाजूला चार अंकी आकडा असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. आतल्या कडेला हात फिरवून बघा. फक्त आतली कड झिजली असेल तर गाडी खाली बसवलेली आहे किंवा अलाइनमेंट बिघडलंय. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या टायरच्या झिजेत मोठा फरक असेल तर पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या कपलिंगवर सतत ताण पडतो.

ट्रॅकवर नेलेली गाडी ओळखायची तर चाकांच्या कमानीत आत वितळून चिकटलेले रबराचे तुकडे, टो हुकच्या आट्यांवर घासल्याच्या खुणा आणि कॅलिपरचा उडालेला किंवा तपकिरी पडलेला रंग बघा. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने मोजा, कडेला राहिलेल्या उंच किनारीवर नव्हे तर पॅड घासतो तिथे.

बदल उतरवल्याच्या खुणाही राहतातच: इंजिनच्या एकाच भागात नवे क्लॅम्प, बुच मारलेला व्हॅक्यूम पाइप, ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) डब्याच्या स्क्रूवर ओरखडे, सायलेन्सरचे चकचकीत नवे नटबोल्ट. विचारा, आणि उत्तर टाळलं तर समजून घ्या. बदल अजून गाडीवर असतील तर रिमॅप कोणी केला, डायनोची (ताकद मोजण्याच्या यंत्राची) नोंद आहे का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) जागेवर आहे का, हे लेखी मागा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) सोबत न्या, साधाही चालेल. इंजिनचा दिवा लागलेला नाही, याला अर्थ नाही, कारण कोड पुसता येतात. पण कोड पुसले की रेडिनेस मॉनिटरही (गाडीने स्वतः केलेल्या तपासण्यांची नोंद) शून्यावर येतात आणि पूर्ण व्हायला वेगवेगळ्या प्रकारचं ड्रायव्हिंग लागतं. त्यातले बरेच ‘अपूर्ण’ दिसले तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. दोन्हीचं कारण विचारा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधनाच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती) अधिक-उणे १० टक्क्यांपलीकडे असेल तर हवेची गळती किंवा इंधनाचा प्रश्न आहे. मोठी रक्कम देणार असाल तर कम्प्रेशन टेस्टही (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांहून जास्त नको.

टायर, ब्रेक, बुश, शॉकअब यांच्या खर्चावर घासाघीस करा. चेनची खडखड, न थांबणारा पांढरा धूर, खरखरणारा तिसरा गिअर आणि लपवलेला रिमॅप यांवर मात्र घासाघीस करू नका. तिथून सरळ निघा.