सुधारणा होईपर्यंत आंतरराष्ट्रीय संस्थांचा निधी रोखावा का?

आपण विचारले आहे की, संयुक्त राष्ट्रांसारख्या संस्था मोक्याच्या वेळी हतबल ठरत असताना सामान्य नागरिकाने त्यांच्या निधीला पाठिंबा का द्यावा; आधी सुधारणा आणि मग पैसा, हा क्रम अधिक योग्य नाही का? काही वर्षांपूर्वी मीही याच मताचा होतो. आज ते मत मला पटत नाही, कारण आपला राग ज्या दोषावर असतो आणि कात्री ज्या खर्चाला लागते, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

राग बहुधा सुरक्षा परिषदेवर असतो. पाच कायम सदस्यांच्या नकाराधिकारामुळे ठराव अडतात हे खरे आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या (स्थापना-कराराच्या) 108 व्या कलमानुसार कोणत्याही दुरुस्तीला दोन तृतीयांश सदस्यांची आणि त्यांत या पाचही देशांची मंजुरी लागते. परिषदेची सदस्यसंख्या 11 वरून 15 झाली ती 1965 मध्ये, आणि त्यानंतर ती वाढलेली नाही. वर्गणी थकल्याने हे कलम तसूभरही हलत नाही. उलट 2025 मध्ये रोख रकमेच्या तुटवड्यामुळे शांतिसेनेचे सुमारे एक चतुर्थांश मनुष्यबळ कमी करण्याची वेळ आली. त्या सैनिकांचा नकाराधिकाराशी काय संबंध?

थकबाकीबद्दलचा एक नियम तर चमत्कारिक म्हणावा असा आहे. वर्षअखेरीस अंदाजपत्रकातील जी रक्कम खर्च झालेली नसते, ती सदस्य देशांच्या पुढील वर्गणीतून वजा करून द्यावी लागते. मग ती खर्च न होण्याचे कारण सदस्यांनी पैसेच न भरणे हे असले तरीही. म्हणजे जे हाती आलेच नाही, ते परत करायचे. महासचिव गुटेरेस यांनी याविरुद्ध वारंवार तक्रार केली आहे, आणि माझ्या मते सुधारणेची सुरुवात अशा रूक्ष, हिशेबी जागेपासून व्हायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेचे दुखणे निराळे आहे. देवीच्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे 1980 मध्ये जाहीर करणाऱ्या या संघटनेच्या अंदाजपत्रकात सदस्यांच्या ठरलेल्या वर्गणीचा वाटा घसरत एक पंचमांशाच्याही खाली गेला. उरलेला पैसा ऐच्छिक देणग्यांचा, आणि त्यातील बराचसा देणगीदाराने नेमून दिलेल्या कामापुरताच असतो; त्यामुळे प्राधान्यक्रम सभागृहात ठरतो की देणगीदाराच्या कार्यालयात, हा प्रश्न उरतोच. ठरलेली वर्गणी टप्प्याटप्प्याने वाढवून ती मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत न्यावी, असे सदस्यांनी 2022 मध्ये मान्य केले. ही खरी सुधारणा आहे, आणि ती निधी वाढवूनच होते.

लोकांचा विरोध पुष्कळदा रकमेच्या चुकीच्या अंदाजातून येतो. अमेरिकेतील पाहण्यांत परदेशी मदतीवर केंद्रीय अंदाजपत्रकाचा सरासरी चौथा हिस्सा खर्च होत असावा असे लोक सांगत आले आहेत. प्रत्यक्षात तो खर्च एक टक्क्याच्या आसपास राहिला आहे. संयुक्त राष्ट्रांचे 2025 चे नियमित अंदाजपत्रकही 372 कोटी डॉलरचे, 193 देशांत विभागलेले होते.

तेव्हा माझा पाठिंबा आंधळा नाही. आपल्या लोकप्रतिनिधीला मी दोन गोष्टी विचारीन: संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचे वर्गणी मागणारे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांच्या मुदतीत आपल्या देशाने पूर्ण वर्गणी भरली का, आणि आपण देतो त्या ऐच्छिक रकमेपैकी किती रक्कम अटींविना दिली जाते?