वाचायला अडखळणारी मुलं आणि पोलीस ठाणं

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच धास्तीची आहेत. एकदाच लिहून टाकते.

प्रश्न : मुलीला डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड करणारी अध्ययन अक्षमता) निघाला. अशी मुलं पुढे गुन्हेगारीकडे वळतात, असं व्हॉट्सॲपवर आलंय. खरं आहे का?

उत्तर : नाही. १९७६ साली अमेरिकेत संशोधक चार्ल्स मरे यांनी सरकारसाठी घेतलेल्या आढाव्यातही पुरावा तोकडाच निघाला होता. तो मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : एक क्लासवाले बोटांचे ठसे घेऊन अध्ययन अक्षमता ओळखून देतो म्हणतात. करावं का?

उत्तर : ठशांवरून फार तर चोर सापडतो. पैसे राखून ठेवा, तपासणीला लागतील.

प्रश्न : मुलगा नववीत. शाळा बुडवायचा, आता मित्रांबरोबर मोबाइल चोरीत सापडला. वाचताना लहानपणापासून अडखळतो. संबंध असेल?

उत्तर : असू शकतो, पण वाट शाळेतून जाते. तिसरीतलं पोर 'पाणी'चं 'पणी' करतं, फळ्यावरचं उतरवताना ओळ गाळतं. बाई म्हणतात आळशी, घरचे म्हणतात लक्ष नाही. पाचवीत वाचायला उभं केलं की ते मुद्दाम खोडी काढतं. वर्गाबाहेर निदान कोणी हसत नाही. आठवीपर्यंत नाक्यावरची पोरं त्याला 'भाई' म्हणू लागतात. आणि ती तिसरीतली वही माझ्या टेबलावर येते नववीत! सहा वर्षं काय करत होतो आपण?

पुढे पोलीस ठाण्यातही तेच. असं मूल घडलेलं क्रमानं सांगताना गोंधळतं, वार चुकवतं, म्हणून खोटारडं ठरतं. कागद पुढे करून 'वाचलंस ना?' विचारलं, की लाजेनं 'हो' म्हणतं. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकं वकिलांकडे द्या, मंडळाकडे तपासणीची मागणी करा. निदान म्हणजे माफी नव्हे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. वकील आणि बालमानसोपचारतज्ज्ञ, दोघांना याच आठवड्यात भेटा. माझ्या चार ओळींवर विसंबू नका.

प्रश्न : दहावीच्या परीक्षेतल्या सवलतीसाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र कुठे मिळतं?

उत्तर : अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयात, उदाहरणार्थ मुंबईत शीवला. खेपा बऱ्याच होतात. दहावीची दिवाळी उलटल्यावर मला फोन करू नका.