वाचकांचे प्रश्न : मेणबत्तीवाल्याचं घराणं

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या बाजारात तांब्याचं एक लहानसं टोकन मिळालं. एका बाजूला मेणबत्त्या करणारा माणूस, दुसऱ्या बाजूला वर ‘एच’ आणि खाली ‘आय’ व ‘एम’. कडेवर जवळच्याच एका बाजारगावाचं नाव आणि दुकानदाराचं आडनाव वाचता येतं, पहिलं नाव झिजलं आहे. सालही नाही. या माणसाचं कुटुंब शोधता येईल का? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : येईल, आणि तुमच्या हातात भरपूर माहिती आधीच आहे. सुट्या नाण्यांची टंचाई होती म्हणून इंग्लंडमधले दुकानदार १६४८ ते १६७२ या काळात अशी फार्दिंग (पाव पेनी), हाफपेनीची (अर्धा पेनी) टोकनं स्वतःच पाडून घेत. १६७२ मध्ये तांब्याचं सरकारी फार्दिंग आलं आणि टोकनांवर बंदी आली. तीन अक्षरांची मांडणी ठरलेली असे : वर आडनाव, खाली डावीकडे नवरा, उजवीकडे बायको. ‘जे’च्या जागी तेव्हा ‘आय’ कोरत, त्यामुळे जॉन किंवा जेम्स धरून चला. बायको मेरी, मार्गारेट, मार्था यांपैकी कोणीतरी. म्हणजे जोडप्याचं लग्न उशिरात उशिरा १६७२ पर्यंत झालेलं.

आता त्या गावच्या चर्चच्या वह्या, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदी. मूळ वह्या आणि त्यांचे स्कॅन जिल्ह्याच्या अभिलेखागारात मिळतात. १६३० ते १६९० मधल्या त्या आडनावाच्या सगळ्या नोंदी एका तक्त्यात उतरवा, फक्त जॉनच्या नव्हे. स्पेलिंग पाद्रीच्या कानावर अवलंबून असल्यामुळे उच्चार जुळेल ते प्रत्येक रूप घ्या. मग आधी दफनाच्या नोंदी तपासा. बहुतेक जण हे टाळतात आणि दोन वर्षांचा होऊन वारलेल्या जॉनला आपला दुकानदार समजून त्याच्या नावावर पुढच्या तीन पिढ्या लावतात. वारलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची पद्धत होती, त्यामुळे एकाच घरात दोन जॉन सहज सापडतात.

लग्न त्या गावी सापडलं नाही तर दहा मैलांच्या परिघातले पॅरिश (एकेका चर्चच्या हद्दीतले भाग) पाहा, कारण लग्न बहुधा वधूच्या गावी लागे. पुढे मुलांचे बाप्तिस्मे साधारण दोन-दोन वर्षांच्या अंतरानं येतात. मध्येच पाच वर्षांची पोकळी दिसली, तर मूल वारलं, कुटुंब हललं किंवा वहीच गहाळ आहे, या तिन्ही शक्यता पडताळा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बरेचदा फक्त बापाचं नाव असतं, तेव्हा आई कोण हे गृहीत धरू नका.

दुकानदाराचा स्वतःचा बाप्तिस्मा लग्नाच्या वीस ते पस्तीस वर्षं मागे शोधा. सात वर्षांची उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली धंदा शिकणं, संपल्याशिवाय लग्न सहसा होत नसे. तो उमेदवारीसाठी दुसरीकडून आलेला असू शकतो. लेस्टर किंवा लंडनसारख्या शहरांत उमेदवारांची नोंद ठेवत आणि तीत बापाचं नाव, गाव, धंदा मिळतो. लहान बाजारगावात मात्र असे कागद क्वचितच उरले आहेत. उमेदवारीच्या करारांवरचा सरकारी कर १७१० मध्ये आला, तुमच्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

त्यानंतर मृत्युपत्र. सोबत मालमत्तेची यादी असेल तर तीच आधी वाचा. शेजारी खोलीखोलीतून फिरून ती करत, त्यामुळे चरबी, वाती, साचे सापडले की धंद्याची खात्री पटते. मृत्युपत्रात थोरल्या मुलाला एक शिलिंग दिसला तर लगेच भांडण समजू नका, त्याचा वाटा आधीच दिलेला असू शकतो.

प्रश्न : हातमोजे करणाऱ्या एका कुटुंबाची वंशावळ स्कॅनवरून लावतो आहे. लग्न मे १६४१, पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा १२ फेब्रुवारी १६४१. कुठे चुकलं? – पुणे

उत्तर : कुठेच नाही. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे तो फेब्रुवारी मे महिन्यानंतरचा, आपल्या हिशेबानं १६४२ मधला. १ जानेवारी ते २४ मार्चच्या तारखा १६४१/२ अशा जोडसालानं लिहा. छापील किंवा संगणकीय सूचीवर विसंबू नका. काहींनी साल बदललं आहे, काहींनी नाही. वहीत सालाचा मथळा कुठे बदलतो ते स्कॅनवर पाहिलं की शंका मिटते. स्कॉटलंडनं १६०० पासूनच १ जानेवारी धरली होती, तिथल्या नोंदींना हा नियम लावू नका.

प्रश्न : १६४४ ते १६६० मध्ये कुटुंब चर्चच्या वह्यांतून अदृश्यच होतं. बिशपकडच्या नकला पाहू का? – ठाणे

उत्तर : या काळासाठी नाही. वहीची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवण्याचा हुकूम १५९८ चा. पण १६४६ मध्ये बिशपांची पदंच रद्द झाली. इंग्लंडमधल्या यादवी युद्धात अनेक ठिकाणी वह्या लिहिल्याच गेल्या नाहीत. १६५३ च्या कायद्यानं बाप्तिस्म्याऐवजी जन्म नोंदवायचा आणि लग्न न्यायाधीशासमोर लावायचं असं ठरलं. लग्नाची जाहीर वर्दी बाजारातही देता येई, म्हणून जवळच्या बाजारगावाची वही चाळा. १६६० नंतर मोठ्या मुलांचे बाप्तिस्मे एकदम झालेले दिसू शकतात, त्यावरून वय काढू नका. १६५३ ते १६६० मधली मृत्युपत्रं देशभरातून लंडनच्या एकाच न्यायालयात मंजूर होत. त्यांच्या नकला ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पुढे १६६२ पासून चुलीवरचा कर आहे : दर चुलीला वर्षाला दोन शिलिंग. पाच चुली असलेला दुकानदार खाऊनपिऊन सुखी.

प्रश्न : धाकटा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला गेला असं मृत्युपत्रात आहे. त्याची नोंद? – गिरगाव

उत्तर : मुंबई कंपनीकडे १६६८ मध्ये आली, पण बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या मुंबईच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत १७०९ पासूनच आहेत. त्याआधीसाठी सुरतेच्या वखारीचा पत्रव्यवहार पाहा. परदेशी वारलेल्यांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात मंजूर होत, तिथेही शोधा.