खालची अक्कलदाढ आडवी आहे पण आत्ता दुखत नाही, डॉक्टर चारही काढा म्हणतात, काय करू?

म्हणजे तुमचं वय २६, नोकरी पुण्यात हिंजवडीला, पावसाळ्यात एकदा उजवीकडे खाली मागची हिरडी सुजली, तोंड दोन बोटांएवढंही उघडेना, गोळ्यांनी उतरलं, आता काही त्रास नाही, एक्सरेत दाढ आडवी दिसतीये, डॉक्टर म्हणतात चारही काढून टाका आणि आई म्हणतीये दाढ काढली की नजर जाते. तुमची गोष्ट अशीच आहे ना? मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण माझी स्वतःची खालची एक दाढ हाड कोरून काढलीये, नवऱ्याच्या दोन काढल्यात, आणि माझी मावसबहीण ओरल सर्जन आहे त्यामुळे आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला चकली मोडता मोडता सुद्धा हाच विषय निघतो.

मला विचाराल तर चार दाढांचे चार निर्णय वेगवेगळे घ्या. ओपीजी काढलाय ना, सगळा जबडा एकत्र दिसतो तो मोठा एक्सरे, त्याच्या रिपोर्टवर १८, २८, ३८, ४८ असे नंबर असतील. त्या चार अक्कलदाढा. उजवी वरची १८, डावी वरची २८, डावी खालची ३८, उजवी खालची ४८. तुम्हाला त्रास दिला ती ४८. डॉक्टरांना एकेका नंबरवर बोट ठेवून विचारा की ही का काढायची, नाही काढली तर काय होईल, आणि काढताना हिला धोका काय. चांगला डॉक्टर चिडत नाही. "काढायच्याच असतात सगळ्यांच्या" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे दाखवा, ओपीजी तुमचाच आहे, मागून घ्या, मोबाईलवर फाइल पाठवतात.

आता ४८ बद्दल. अर्धी बाहेर आलेली दाढ असली की तिच्यावर हिरडीची एक झडप राहते, तिच्याखाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, मग जंतू वाढून सूज, घाण वास, गिळताना कळ, आणि जबड्याचे स्नायू आखडून तोंड उघडत नाही. तुम्हाला झालं ते हेच असणार. गोळ्यांनी इन्फेक्शन खाली बसतं पण झडप तिथेच राहते म्हणून ते परत येतं, आणि येतं ते नेमकं रिलीजच्या आठवड्यात किंवा कोणाच्या तरी लग्नात. ब्रिटनमधे नाइस नावाची संस्था आहे, सरकारी दवाखान्यांसाठी नियमावली काढते, त्यांनी २००० साली सांगितलं की काही रोग नसेल तर अडकलेली अक्कलदाढ उगीच काढू नका, आणि हिरडी पहिल्यांदा सुजली एवढ्यावरही काढू नका, फारच जोरात सुजली असेल तर गोष्ट वेगळी, दुसऱ्यांदा झालं की मात्र काढायचा विचार करा. यावर नंतर तिथल्याच काही सर्जन लोकांनी टीका केली की अशी वाट बघत बसलं तर पेशंट जास्त वयाचा होऊन येतो आणि तोवर पुढची चांगली दाढ मागून किडलेली असते. अमेरिकेत उलट, तिथे कॉलेजच्या वयातच काढून टाकायचा कल जास्त. म्हणजे जगभर एकमत नाहीये, त्यामुळे तुमचे डॉक्टर काढा म्हणतात म्हणून लगेच ते पैशासाठीच म्हणतायत असं धरू नका, आणि तेच एक खरं असंही धरू नका.

तुमचं तोंडच उघडत नव्हतं, म्हणजे सूज साधी नव्हती. शिवाय दाढ आडवी आहे म्हणजे तिचं तोंड तिच्या पुढच्या, म्हणजे सातव्या नंबरच्या दाढेच्या मुळाशी टेकलेलं, तिथे कीड लागली की ती दिसतही नाही आणि भरायलाही जागा मिळत नाही, शेवटी अक्कलदाढेपायी चावायची चांगली दाढ जाते. म्हणून माझ्या मते ४८ काढा, आणि आत्ता दुखत नाहीये म्हणूनच आत्ता काढा. सूज असताना भूल नीट चढत नाही, तोंड उघडत नाही, बहुतेक डॉक्टर आधी इन्फेक्शन बसवून मगच हात लावतात. आणि २६ला हाड जरा लवचिक असतं, जखम लवकर भरते. चाळिशीत हेच काम जड जातं, माझं तसंच झालं.

३८ जर पूर्ण हाडात झोपलेली असेल, वर हिरडी बंद असेल, भोवती काही काळं दिसत नसेल तर ती राहू द्या आणि वर्ष-दोन वर्षांनी एक्सरे काढून बघत रहा, माझी दुसरी बाजू अशीच ठेवलीये. १८ आणि २८ वरच्या, त्या बऱ्याचदा सोप्या निघतात. पण खालची काढल्यावर वरचीला समोर चावायला कोणी उरत नाही, मग ती हळूहळू खाली उतरून खालच्या हिरडीला किंवा गालाला टोचते, म्हणून ४८ बरोबर १८ काढा म्हणत असतील तर त्यात तथ्य आहे. नवऱ्याच्या अशाच एका बाजूच्या वर-खाली दोन्ही काढल्या, दुसऱ्या बाजूने जेवता आलं. चारही एकदम काढायच्या तर दोन्ही गाल सुजणार आणि चावणार कुठे? पूर्ण भूल देऊन हॉस्पिटलमधे चारही काढतात, एकदाच सुट्टी एकदाच त्रास म्हणून काहींना ते बरं वाटतं, पण साध्या इंजेक्शनवर खुर्चीत बसून चारही, मी तरी नाही करणार. आणि हो, पुढचे दात वाकडे होऊ नयेत म्हणून अक्कलदाढ काढा असं कोणी म्हणालं तर ते कारण आता फारसं मानत नाहीत.

आईंना सांगा की दातांची नस आणि डोळ्याने बघायची नस या दोन वेगळ्या, मेंदूतून निघतानाच वेगळ्या. माझ्या सासूबाईंचंही हेच चाललं होतं. माझ्या त्या सर्जन मावसबहिणीने त्यांना समजावलं की चष्मा लागायचं वय आणि दाढा पडायचं वय एकच, म्हणून लोकांनी ते जोडून टाकलं. पटलं की नाही माहीत नाही पण गप्प बसल्या.

नस मात्र दुसरी एक आहे आणि तिच्याबद्दल नक्की विचारा. खालच्या जबड्याच्या हाडात एक नळी असते, त्यातून खालच्या ओठाची आणि हनुवटीची नस जाते. कधी कधी अक्कलदाढेची मुळं तिला अगदी चिकटून असतात. ओपीजीत नळीची पांढरी रेघ मुळाशी तुटल्यासारखी दिसली किंवा मूळ तिथे काळपट दिसलं की मग सीबीसीटी काढायला सांगतात, तो थ्रीडी स्कॅन असतो, उगीच खर्च वाढवला असं समजू नका. नसेला धक्का लागला तर ओठ बधिर राहतो, जिभेची नसही आतल्या बाजूने जवळूनच जाते, बहुतेकांचं काही आठवड्यात किंवा महिन्यात परत येतं, क्वचित कायमचं राहतं. कन्सेंट फॉर्मवर हे लिहिलेलं असतं, सही करताना वाचा. फारच जवळ असेल तर दाढेचा वरचा भाग तेवढा कापून मुळं हाडातच ठेवायची पण एक पद्धत आहे, कोरोनेक्टॉमी, ती तुमच्या केसमधे चालेल का विचारा.

दुखतं का? काढताना दुखत नाही, दाबल्यासारखं वाटतं आणि आवाज येतो. इंजेक्शन मागे जबड्याच्या आत देतात, त्यात ॲड्रिनालिन असतं त्यामुळे मिनिटभर छातीत धडधडतं, घाबरू नका. अर्धा ओठ आणि जीभ जड झाली की मग हिरडी कापून बाजूला करतात, दाढेभोवतीचं हाड पाणी मारत मारत ड्रिलने कोरतात. आडवी दाढ म्हणजे तुळशीबागेच्या पार्किंगमधे दोन गाड्यांच्या मधे कोणीतरी तिरकी घुसवलेली ॲक्टिवा, सरळ ओढून निघतच नाही, म्हणून तिचे तुकडे करतात. तुकडा करताना जो कड् असा आवाज डोक्यात घुमतो त्याने माझ्या हाताला घाम फुटला होता, दुखलं मात्र काही नाही. कुठेही सणक गेली तर हात वर करा, अजून भूल देतात, सोसत बसायची काही गरज नसते. शेवटी टाके. आणि डॉक्टर जबडा धरून जोर लावतात त्यामुळे दुसऱ्या दिवशी कानापाशी सांधा पण दुखतो, ते कोणी आधी सांगत नाही.

खरा ठणका भूल उतरल्यावर, तीन-चार तासांनी. म्हणून पहिली दुखण्याची गोळी भूल असतानाच घ्यायची, डॉक्टरांनी लिहिलेली, कपाटातली नाही. ॲसिडिटी, दमा, किडनीचा त्रास, रक्त पातळ व्हायची गोळी, हाडं ठिसूळ होतात त्याची गोळी किंवा इंजेक्शन, गरोदरपण, पेनिसिलीनची ॲलर्जी, यातलं काहीही असेल तर आधीच सांगा, आणि रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मेट्रोनिडॅझोल नावाची अँटिबायोटिक गोळी लिहिली असेल तर ती चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस दारू अजिबात नाही. जखमेवर ठेवलेला गॉज, म्हणजे जाळीदार कापडाचा बोळा, दाबून धरायचा अर्धा-पाऊण तास, सारखा काढून रक्त थांबलं का बघत बसायचं नाही. पहिला दिवस बाहेरून गालावर बर्फ थोडा थोडा वेळ, खळखळून चूळ नाही, जोरात थुंकणं नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या, खाल्ल्यानंतर प्रत्येक वेळी. वरची पण काढली असेल तर काही दिवस नाक जोरात शिंकरायचं नाही कारण वर सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली पोकळी, अगदी जवळ असतो.

सूज दोन-तीन दिवस वाढत जाते आणि मग उतरते. म्हणून गुरुवारी काढा, शुक्रवारची सुट्टी टाका, शनिवार-रविवार गाल फुगवून घरी बसा, सोमवारी वर्क फ्रॉम होम मिळालं तर सोनं, पण कॅमेरा बंद ठेवा. त्या दिवशी टू-व्हीलर चालवत जाऊ नका, रिक्षा करा, आपल्याकडचा एकेक स्पीडब्रेकर टाक्यात जाणवतो. खायला मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, गार दही, शिरा. मस्तानी चालेल पण चमच्याने, स्ट्रॉने ओढायची नाही, ओढल्याने दाढेच्या रिकाम्या खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून येऊ शकते. चिवडा, बाकरवडी, दाण्याचं कूट, तीळ, यांचे कण खड्ड्यात जाऊन बसतात, ते टाळा. मिसळीचं तुम्हीच ठरवा.

ती गाठ निघून गेली किंवा विरघळली की ड्राय सॉकेट होतो. खूण अशी की आधी बरं वाटत होतं आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक कानापर्यंत जाणारा ठणका, तोंडाला वास, गोळीला दाद नाही. सिगरेट, तंबाखू, मिशरी वाल्यांना हे जास्त होतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही होतं. हे घरी लवंगतेल लावून निस्तरत बसू नका, डॉक्टर खड्डा धुऊन आत औषधाची पट्टी ठेवतात, मला त्याने तासाभरात बरं वाटलं होतं. आणि वेगळं म्हणजे दाबून धरूनही रक्त थांबत नाही, ताप येतोय, सूज गळ्याकडे उतरतीये, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जातंय, तर सकाळची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, क्लिनिकला फोन वाटेतून करा.

कोणाकडे? आडवी दाढ ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीत, म्हणजे तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेत, एमडीएस (बीडीएसनंतरची पदवी) केलेल्याकडूनच काढा. पुण्यात बऱ्याच क्लिनिकमधे सर्जन बाहेरून ठराविक दिवशी येतो, त्यात वाईट काही नाही, फक्त त्याचं नाव विचारा आणि रात्री रक्त आलं तर फोन कोण उचलणार तेही विचारा. दर क्लिनिकप्रमाणे खूप बदलतात, म्हणून जो आकडा सांगतील त्यात एक्सरे, टाके काढणं, नंतरची तपासणी धरलीये का ते विचारून घ्या. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, अपघात सोडला तर दातांचं काम बहुतेक पॉलिसीत बसत नाही. खर्च कमी करायचा असेल तर डेंटल कॉलेजं आहेत, धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमधे रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील, वडगावला सिंहगड. कॉलेजात पीजीचे, म्हणजे एमडीएस करणारे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली काढतात, वेळ जास्त लागतो, केसपेपर आणि एक्सरेच्या रांगेत अर्धा दिवस जातो, पण दिवसभर त्यांचं हेच काम चालू असतं. मी माझी कॉलेजातच काढली आणि परत वेळ आली तर तिथेच जाईन, पण मला सुट्टीचा प्रश्न नव्हता, तुम्हाला हिंजवडीहून ते जमणार आहे का बघा.

जाताना पोटभर जेवून जा, साध्या इंजेक्शनला उपाशी राहायची गरज नसते, नंतर बराच वेळ काही धड खाता येत नाही. टाके साधारण आठवड्याने काढतात, विरघळणारे असले तरी दाखवायला जा आणि ओपीजी बरोबर न्या, तेव्हाच ३८चं काय करायचं ते विचारून टाका.