वाचकांचे प्रश्न : थंडीत केक का खचतो, आणि रोडगे ओव्हनमध्ये होतात का?

प्रश्न : लेकीने आम्हाला १५०० वॉटचा ओव्हन घेऊन दिला. दिवाळीत केलेला बिनअंड्याचा, दह्याचा केक उत्तम झाला. पौष लागल्यापासून मात्र तोच केक वर येतो, मग मधोमध खचतो आणि आतून ओला राहतो. कृती तीच, माप तेच. चूक कुठे होत असावी?
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. संध्याकाळी सहानंतर घरातला बल्ब मंद होतो, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते केकचे दुखणे तिथेच आहे. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी पंप सुरू होतात, आणि गावठाणाची व शेतीची वाहिनी एकच असेल तर घरातला विजेचा दाब उतरतो. ओव्हनच्या कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर उष्णता थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते आणि तुमचा १५०० वॉटचा ओव्हन सुमारे ९२० वॉटचे काम करतो. बटण १७० अंशांवर ठेवले तरी आतली हवा तिथवर पोहोचायला फार वेळ लागतो, आणि एकदा दार उघडले की गेलेली ऊब लवकर भरून येत नाही. तोवर सोड्याचा वायू मिश्रण फुगवून मोकळा होतो. मिश्रण मात्र अजून घट्ट झालेले नसते, म्हणून ते खाली बसते.

तेव्हा पंप बंद असतील ती वेळ केकसाठी निवडावी. ज्या आठवड्यात शेतीला रात्री वीज असते, त्या आठवड्यात दुपारी भाजावा. ओव्हन दहा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटे आधी तापवावा आणि केक आत ठेवल्यावर पहिली पंचवीस मिनिटे दार मुळीच उघडू नये. बारीक तारेच्या एक्स्टेंशनवर ओव्हन कधीही लावू नये. तार तापते आणि दाब आणखी कमी होतो.

दुसरे कारण थंडीचे आहे, पण ते दुय्यम समजावे. फ्रीजमधले दही आणि थिजलेले लोणी एकत्र फेटले तर मिश्रण फाटल्यासारखे होते व त्यात हवा धरली जात नाही. दोन्ही पदार्थ तासभर आधी चुलीजवळ ठेवावेत. लोणी बोटाने सहज दबले पाहिजे, पण वितळलेले नसावे. दह्यातील आम्ल आणि सोडा एकत्र आले की वायू त्याच क्षणी तयार होऊ लागतो, म्हणून भांड्याला तूप लावणे, मैदा भुरभुरणे ही सारी कामे आधी उरकावीत आणि सोडा घातल्यावर मिश्रण ताबडतोब ओव्हनमध्ये जावे. केकमध्ये संत्र्याचा रस घालता, असेही तुम्ही लिहिले आहे. आंबिया बहाराची संत्री या दिवसांत घरोघरी असतात, त्यामुळे हा बेत मला फार आवडला. मात्र बिया चिरडू देऊ नयेत आणि रस काढून ठेवू नये, कारण नागपुरी संत्र्याचा रस थोड्या वेळाने कडवट होऊ लागतो. साल किसताना केवळ केशरी भाग घ्यावा, त्याखालचा पांढरा पापुद्रा कडू असतो.

प्रश्न : शेतात जगरा लावून रोडगे करणे आता वयामुळे जमत नाही. नातू म्हणतो, ओव्हनमध्ये करू. ती चव येईल का?
— एक आजोबा, मूर्तिजापूर

उत्तर : आजोबा, रोडगे होतील आणि चांगले होतील, ती चव मात्र पूर्ण येणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. गोवऱ्यांच्या जगऱ्यात रोडगा निखाऱ्यांना आणि गरम राखेला सर्व बाजूंनी टेकलेला असतो. राख त्याला झाकूनही ठेवते, त्यामुळे वरचे कवच करपत नाही आणि आत वाफ कोंडून राहते. ओव्हनमध्ये त्याच्याभोवती नुसती गरम हवा असते, आणि हवा उष्णता फार सावकाश पोहोचवते. म्हणून नुसत्या जाळीवर ठेवलेला रोडगा बाहेरून वाळतो, आत चिकट राहतो.

यावर उपाय आहे. ओव्हनमध्ये मावेल असा जाड लोखंडी तवा किंवा मातीचे खापर अर्धा तास आधी २०० अंशांवर तापवावे आणि रोडगे त्यावर ठेवावेत. पीठ नेहमीप्रमाणे जाडसर दळलेले असावे. त्यात ओवा, मीठ आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवावे. लहान पोळ्यांना तेल लावून एकावर एक ठेवायच्या व त्यांचा गोळा वळायचा, ही आपली पद्धत मुळीच सोडू नये, कारण आतले पापुद्रे त्यानेच सुटतात. गोळा लिंबापेक्षा थोडा मोठा ठेवावा. जगऱ्यातल्या आकाराचा केला तर मध्य भाजणार नाही. पहिली वीस मिनिटे वरून दुसरे भांडे पालथे घालावे म्हणजे वाफ आत राहील, मग झाकण काढून बाजू पालटत आणखी वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला आणि वरचे कवच तडकले की रोडगा झाला. धुराच्या वासासाठी रोडगे पातेल्यात घालून मध्ये वाटीत गोवरीचा पेटता तुकडा ठेवावा, त्यावर चमचाभर तूप सोडावे आणि पाच मिनिटे झाकावे. वांग्याची भाजी मात्र चुलीवरच होऊ द्यावी. नातवाला तेवढे तरी शिकवाच.

प्रश्न : लग्नाच्या खरेदीसाठी नागपूरला जाणार आहोत. मुलांना सावजी जेवायचे आहे, सासूबाई शाकाहारी आहेत आणि मला तिखट सोसत नाही. सर्वांनी मिळून जावे का?
— एक वाचक भगिनी, ब्रह्मपुरी

उत्तर : अवश्य जावे. सावजी हे नागपूरच्या हलबा कोष्टी या विणकर समाजाचे घरगुती जेवण. ते केवळ तिखटपणासाठी ओळखले जावे याचे मला वाईट वाटते. खसखस, दगडफूल, भाजून वाटलेले गरम मसाले आणि पूर्वापार वापरले जाणारे जवसाचे तेल यांनी त्या रश्श्याला जो दाटपणा येतो, तो सावकाश खाल्ल्याशिवाय कळत नाही. सासूबाईंसाठी पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा मागवावा. मात्र ताट मांडण्यापूर्वीच विचारून घ्यावे की शाकाहारी रस्सा वेगळ्या भांड्यात शिजतो का, कारण लहान भोजनालयात स्वयंपाकघर एकच असते. नाही म्हणाले तर शुद्ध शाकाहारी ठिकाण निवडावे, त्यांच्या मनाला रुखरुख नको.

तुमच्यासाठी तर्री वगळून रस्सा मागावा. मिरचीतला झोंबणारा घटक तेलात विरघळतो, पाण्यात नाही; त्यामुळे वर तरंगणारी लाल तर्री सर्वांत जहाल असते आणि तोंड पोळल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही. ताक किंवा दही घ्यावे, सोबत ज्वारीची भाकर घ्यावी. दुपारचे जेवण घ्या, रात्रीचे नको. परतीचा प्रवास लांबचा आहे आणि सासूबाईंना जड जाईल.

प्रश्न : तुरीचे सोले उन्हाळ्यापर्यंत टिकवता येतील का?
— एक वाचक, कळंब

उत्तर : वीज सलग मिळत असेल तर येतील. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे घालून लगेच गार पाण्यात काढावेत, फडक्यावर पूर्ण कोरडे करावेत आणि लहान लहान पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत. एका वेळच्या आमटीला लागतील तेवढेच एका पिशवीत असावेत, कारण एकदा वितळलेले सोले पुन्हा गोठवू नयेत. वीज वारंवार जात असेल तर हा खटाटोप करू नये. शेंगा न सोलता दोन-तीन दिवस थंड जागी पसरून ठेवाव्यात आणि लागतील तसे सोले काढावेत.