कानात नाडी वाजते तेव्हा

“डोक्यातल्या शिरेत दोष निघालाय. आता कवटी उघडणार, आणि कान तर गेलाच ना, मॅडम?” लालबागच्या पन्नाशीतल्या ताईंचा (ओळख बदलली आहे) पहिलाच प्रश्न. सात महिने उजव्या कानात धकधक. लोकलच्या गोंगाटात ती दबे, रात्री उशीवर डोकं टेकलं की परत सुरू. घरचे म्हणायचे, बीपीचं असेल.

त्यांना एका हाताने नाडी धरायला आणि कानातल्या ठोक्याबरोबर पाय आपटायला सांगितलं. ताल तंतोतंत जुळला. एकसुरी शिट्टी वाजणं वेगळं. नाडीच्या ठेक्यातला आवाज बहुतेकदा रक्तप्रवाहाचा असतो. तो कधीकधी कानामागे स्टेथोस्कोप लावून डॉक्टरांनाही ऐकू येतो. (मान दाबून आवाज थांबतो का, हा प्रयोग मात्र घरी नको.)

त्यांचा साधा एमआरआय ‘नॉर्मल’ आला होता. इथेच बरेच जण थांबतात. दोष सापडला एमआर अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणारा एमआरआय), आणि डीएसएमध्ये (नळीतून औषध सोडून काढलेले रक्तवाहिन्यांचे एक्स-रे) पक्का झाला: ड्युरल एव्ही फिस्टुला. म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या धमनीचं रक्त केशवाहिन्या टाळून, धमनीच्याच जोराने थेट शिरेत शिरतं. ती शीर कानाच्या अगदी मागून जाते, म्हणून तो आवाज.

आता ऐकण्याचं. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, 250 आणि 500 हर्ट्झला (खालच्या सुरांना) घट होती, वरचे सूर ठीक. अशी घट खरी नसूही शकते: धकधकच खालचे सूर झाकून टाकते. आवाज थांबला की त्या रेषा वर येऊ शकतात. श्रवणाच्या नसेलाच इजा असेल, तर ही आशा फारशी धरता येत नाही. म्हणून उपचाराआधीचा ऑडिओग्राम फाइलमध्ये हवाच. नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

कवटी बहुतेकदा उघडावी लागत नाही. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन ती वाट आतून बुजवतात. ताईंना उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारायला एकच प्रश्न लिहून दिला: “रक्त उलटं मेंदूच्या शिरांमध्ये जातंय का?” जात असेल तर रक्तस्रावाचा धोका, उपचार लांबवायचा नाही. नसेल तर नुसती देखरेखही चालते. अचानक प्रचंड डोकेदुखी किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी.

ताईंचं रक्त उलटं जात होतं. नळीचा उपचार झाला. चौथ्या दिवशी त्यांचा फोन: “घर इतकं शांत झालंय की झोपच येत नाही. पंखा लावून ठेवते.” चालेल म्हटलं, पुढची ऑडिओमेट्री तीन महिन्यांनी.